फुलांची आणि भाज्यांची वाइन : द्राक्षात जे आयतं असतं, ते आपण कसं घालायचं

द्राक्षं चेचून भांड्यात ठेवली की त्यांची वाइन होते. चांगलीच होईल असं नाही, पण होते. साखर, आंबटपणा, तुरटपणा, यीस्टचं खाद्य, इतकंच काय सालीवर बसलेलं यीस्टसुद्धा द्राक्ष सोबत घेऊन येतं. गुलाबाच्या पाकळ्या नुसत्या पाण्यात भिजत ठेवल्या तर चार दिवसांनी हाती येतं ते कुजकं पाणी. गाजराचं त्याहून वाईट.

फुलाकडे वास असतो, कधी रंग असतो, बाकी काही नाही. भाजीकडे रंग आणि थोडी साखर असते, पण आंबटपणा जवळजवळ नसतो आणि मातकट चव मात्र भरपूर असते. त्यामुळे या वाइनचं सगळं कसब एकाच प्रश्नात आहे: समोरच्या जिनसात काय कमी आहे आणि ते कशाने भरून काढायचं? हा हिशेब एकदा डोक्यात बसला की छापील कृतीची फारशी गरज उरत नाही. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो बहुतेक वेळा इथेच. तो फुलं दुप्पट घालतो, आणि आंबटपणा घालायचं विसरतो.

आधी कायदा आणि विषारी फुलं

स्वतःपुरती वाइन घरी करायला काही देशांत पूर्ण मोकळीक आहे, काही ठिकाणी परवाना लागतो, काही ठिकाणी बंदी आहे. तुम्ही राहता तिथला नियम आधी पाहून घ्या. विकणं आणि ऊर्ध्वपातन करून दारू गाळणं या गोष्टी जवळपास सगळीकडे परवान्याशिवाय गुन्हा आहेत, आणि गाळण्यात मिथेनॉल एकवटण्याचा खरा धोकाही आहे. या लेखात गाळणं कुठेही नाही.

आता फुलं. कण्हेर, बिट्टी, धोत्रा, रुई, घाणेरी, सदाफुली ही विषारी आहेत. पाकळी एकच घातली तरी चालेल असा विचारही नको. लिली ऑफ द व्हॅली, फॉक्सग्लोव्ह, ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया यांचंही तेच. यीस्टने आंबवलं म्हणून विष नाहीसं होत नाही. फुलाची शंभर टक्के ओळख पटत नसेल तर ते फूल सोडून द्या. आणि फुलवाल्याकडचा गुच्छ कितीही ताजा दिसला तरी वापरू नका. ती फुलं खाण्यासाठी वाढवलेली नसतात, त्यांवर कीटकनाशकं मारलेली असतात. रस्त्याकडेची फुलंही नकोत.

सुरुवातीला घ्यावीत अशी: सुवासिक गुलाब, जास्वंद, अंबाडीची लाल बोंडं (ती खरं तर फुलाखालची मांसल पाकळीवजा आवरणं, पण वाइनमध्ये फुलाचंच काम करतात), कॅमोमाइल, डँडेलियन, एल्डरफ्लॉवर, मोगरा. मोगरा आणि लॅव्हेंडर हात आखडून घाला, नाहीतर वाइनला साबणाचा वास येतो. एल्डरची फक्त फुलं घ्यायची. देठ आणि पानांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, त्यामुळे काट्याने फुलं ओरबाडून घेऊन जाड देठ टाकून द्यावेत.

भाज्यांत बीट आणि गाजर ही नवशिक्यासाठी सर्वात सोयीची. मटाराच्या कोवळ्या शेंगांच्या टरफलांची वाइनही जुनी आणि चांगली आहे, फिकट आणि हलकी. कांदा, लसूण, कोबी, फ्लॉवर यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांतलं गंधक आंबताना असा वास सोडतं की घरातले लोक तुमच्याशी बोलणार नाहीत. रुबार्ब घेतलात तर फक्त देठ; पानांत ऑक्झॅलिक ॲसिड असतं. बटाट्याबद्दल पुढे येईलच.

सामान

जास्त काही लागत नाही. पाच लिटर वाइनसाठी आठ-दहा लिटरची झाकणाची बादली (खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकची), पाच लिटरचा काचेचा बुधला, त्याच्या तोंडात बसणारं बूच आणि एअरलॉक, दीड-दोन मीटर सायफन नळी, मलमलचं कापड किंवा जाळीची पिशवी, हायड्रोमीटर (रसात तरंगणारी काचेची नळी; रसात साखर जितकी जास्त तितका तिचा आकडा मोठा, नुसत्या पाण्यात १.०००), पीएचच्या पट्ट्या (आंबटपणा मोजायला; आकडा जितका कमी तितका रस आंबट). स्टील, काच आणि चांगलं प्लास्टिक चालतं. तांबं, पितळ, लोखंड, जस्ताचा मुलामा दिलेली भांडी चालत नाहीत, कारण आंबट रस त्यांतला धातू खातो.

एअरलॉक म्हणजे पाणी भरलेली छोटी वळणदार नळी. आतला कार्बन डायऑक्साइड त्यातून बुडबुडे होऊन बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत येत नाही. तो न लावता बरणीचं झाकण घट्ट फिरवून ठेवलं तर बरणी फुटते. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही, काच खरंच फुटते.

हायड्रोमीटर वगळायचा मोह होतो, वगळू नका. सगळ्या सामानात ‘आत काय चाललंय’ हे सांगणारी ती एकच वस्तू आहे.

निर्जंतुक करण्याबद्दल थोडक्यात: आधी धुऊन घाण काढायची, मग जंतुनाशक वापरायचं. मळलेल्या भांड्यावर जंतुनाशक काम करत नाही. वाइनवाले पोटॅशियम किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट वापरतात; तेच गोळ्यांच्या रूपात कॅम्पडेन टॅब्लेट म्हणून मिळतं. पाच लिटरला एक गोळी. दमेकऱ्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, त्यामुळे त्याची वाफ हुंगू नये, आणि कुणाला वाइन देताना त्यात सल्फाइट आहे हे सांगावं.

पाच उणिवा, पाच भरण्या

साखर. यीस्ट साखर खाऊन निम्म्याच्या आसपास अल्कोहोल आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड करतं. एका लिटरमध्ये १७ ते १८ ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक टक्का अल्कोहोल. १२ टक्के हवं असेल तर लिटरमागे २००-२१५ ग्रॅम, म्हणजे पाच लिटरला किलोभर. साधी पांढरी साखर घ्या. गूळ किंवा ब्राऊन शुगर फुलाचा वास दाबून टाकते. जास्त कडक व्हावी म्हणून साखर वाढवणं ही नवख्यांची आवडती चूक. यीस्ट मध्येच दमतं आणि गोडमिट्ट, अर्धवट पेय उरतं. १० टक्क्यांच्या खाली वाइन फार टिकत नाही, १३ च्या वर फुलाचा वास अल्कोहोलखाली हरवतो. त्या मधल्या पट्ट्यात राहा.

आंबटपणा. इथे फूल आणि भाजी यांची वाट वेगळी होते, म्हणून याबद्दल जरा सविस्तर.

फुलांच्या पाण्यात आम्लाला अडवणारं काही नसतं. थोडं लिंबू पिळलं तरी पीएच झपाट्याने खाली येतो, आणि ३ च्या खाली गेला की यीस्ट अडखळतं. म्हणून फुलांच्या वाइनमध्ये सुरुवातीला अर्धंच आम्ल घालायचं, उरलेलं शेवटी चव बघून. पीएच ३.२ ते ३.६ च्या दरम्यान असला की काम झालं.

भाजीचं उलट आहे. बीट आणि गाजर मुळात जवळपास उदासीन, पीएच ५ आणि ६ च्या आसपासचे. त्यात पोटॅशियमसारखी खनिजं असल्याने त्यांचा रस आम्लाला दाद देत नाही. लिंबू घालत राहावं लागतं. आणि इथे आम्ल सगळं आधीच घालायचं, कारण प्रश्न चवीपुरता नाही. कंदभाज्यांवर मातीतले क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. साध्या उकळण्याने ते मरत नाहीत. हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या, उबदार जागी ते वाढतात आणि जगातल्या सर्वात जहाल विषांपैकी एक तयार करतात. पीएच ४.६ च्या खाली असला की त्यांची वाढ होत नाही. २०११ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या तुरुंगात कैद्यांनी चोरून आंबवलेलं पेय पिऊन आठ जणांना बोट्युलिझम झाला. त्या पेयात भाजून बरेच दिवस तसाच ठेवलेला बटाटा घातलेला होता. म्हणून माझं मत सरळ आहे: नवख्याने बटाट्याची वाइन करू नये, आणि बीट-गाजराचा रस पीएच पट्टीवर ३.६ च्या आसपास आल्याशिवाय पुढे जाऊ नये. शिजवलेला रस आम्ल न घालता रात्रभर ठेवू नये, हेही त्यातच आलं.

तुरटपणा. जिभेच्या कडांना जी हलकी ओढ जाणवते ती टॅनिनची. ती नसली की वाइन पाणचट लागते, आणि लोकांना वाटतं साखर कमी पडली. पाच लिटरला एक कप कडक, बिनदुधाचा काळा चहा पुरतो.

भरीवपणा. पाणी-साखर-अल्कोहोल एवढ्यावर वाइनला अंग येत नाही. २०० ग्रॅम मनुका बारीक चिरून घाला. मनुका धुऊन घ्या. काहींवर तेलाचा हात असतो. यामुळे थोडी साखर, थोडं आम्ल आणि यीस्टला थोडं खाद्यही मिळतं.

यीस्टचं खाद्य. यीस्टला साखरेबरोबर नायट्रोजन लागतो आणि फुलात तो नगण्य असतो. उपाशी यीस्ट सडक्या अंड्याचा वास सोडतं. डायअमोनियम फॉस्फेट किंवा तयार यीस्ट न्यूट्रिएंट लिटरमागे साधारण एक ग्रॅम: निम्मं यीस्ट कामाला लागल्यावर, निम्मं दोन-तीन दिवसांनी. त्यानंतर घालू नका, उरलेलं खाद्य मग नको त्या जिवाणूंच्या पोटात जातं.

यीस्ट म्हणजे इथलं विरजण. वाइनचंच घ्या. पावाचं यीस्ट चालतं, पण वाइनला पावाचा वास लागतो आणि त्याचा साका इतका सैल असतो की सायफन करताना हलून वर येतो.

फुलांची वाइन, पायरीपायरीने

गुलाब धरून सांगतो. फुलं सकाळी दव सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधी काढा. ओली फुलं लगेच तपकिरी पडतात, दुपारच्या फुलातला वास उडालेला असतो. पाकळ्या सुट्या करून मोजा: पाच लिटरच्या वाइनसाठी मापात सैल भरून दोन ते अडीच लिटर. दाबून भरू नका.

पाकळी हातात घेऊन देठाकडचं टोक बघा. तिथे एक छोटा पांढरट त्रिकोण असतो. तो कडू असतो. कात्रीने पाच-सहा पाकळ्यांची चळत एकदम धरून कापला की काम लवकर होतं. डँडेलियनमध्ये हाच कडूपणा फुलाखालच्या हिरव्या दलांत असतो. तिथे पिवळ्या पाकळ्या चिमटीत धरून उपटून घ्यायच्या. कंटाळवाणं काम आहे, बोटं दोन दिवस पिवळी राहतात, पण हिरवं आत गेलं तर वर्षभर थांबूनही कडूपणा जात नाही.

फुलं कधीही उकळू नका. ज्या वासासाठी एवढा खटाटोप, तो वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरेल आणि तिथेच राहील. दोन-तृतीयांश पाकळ्या आता वापरायच्या, एक-तृतीयांश स्वच्छ पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. त्याचं कारण पुढे.

बादलीत पाकळ्या आणि चिरलेल्या मनुका घाला. तीन लिटर पाणी उकळून पाच-सात मिनिटं निवू द्या आणि वर ओता. अर्धी साखर आताच ढवळून विरघळवा. दोन लिंबांचा रस, चहाचा एक चमचा सायट्रिक ॲसिड, कपभर काळा चहा. लिंबाची साल हवी तर किसून घाला, फक्त पिवळा भाग. पांढरा भाग कडू. पूर्ण गार झाल्यावर कॅम्पडेनची गोळी चुरून घाला, कापड झाका.

बारा तासांनी पेक्टिक एन्झाइम घाला, मनुका आणि लिंबातलं पेक्टिन, म्हणजे वाइन गढूळ ठेवणारं द्रव्य, मोडायला. गरम पाण्यात ते निकामी होतं, म्हणून आधी नाही. आणखी बारा तासांनी, म्हणजे गोळीनंतर पूर्ण एक दिवसाने यीस्टची पाळी. तोवर सल्फाइट उडून गेलेलं असतं.

उरलेली साखर थोड्या गरम पाण्यात विरघळवून, गार करून बादलीत घाला आणि एकूण पाच लिटर होईल इतकं पाणी घाला. एक किलो साखर विरघळली की जवळपास सहाशे मिलीलिटर जागा घेते, ते धरून चला. आधीच पाच लिटर पाणी ओतलं तर वाइन पातळ होते.

आता हायड्रोमीटर. थोडा रस गाळून उंच नळकांड्यात भरा, हायड्रोमीटर अलगद सोडा आणि बोटाने गिरकी द्या, म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतील. काचेजवळ रस किंचित वर चढलेला दिसतो. तो आकडा वाचू नका, मधल्या सपाट पातळीचा वाचा, डोळे त्याच रेषेत आणून. १.०८० ते १.०८५ असेल तर उत्तम. कमी असेल तर साखर, जास्त असेल तर पाणी. आकडा लिहून ठेवा.

पाच ग्रॅम यीस्ट ३५ ते ४० अंशांच्या अर्धा वाटी पाण्यावर भुरभुरवा, पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. मलईसारखं फुगलं की रसाचे दोन-तीन चमचे घालून त्याला गारव्याची सवय करा, मग बादलीत ओता. बादली १८ ते २४ अंशांत ठेवा. उन्हात नको, शेगडीजवळ नको. ३० च्या वर गेलं की यीस्ट धडपडत काम करतं आणि वाइनला जळजळीत कडकपणा येतो.

एक-दोन दिवसांत फेस येतो आणि पाकळ्या वर चढून थर धरतात. तो थर कोरडा पडला तर त्यावर बुरशी बसते, म्हणून सकाळ-संध्याकाळ स्वच्छ पळीने खाली दाबा. गुलाबाच्या पाकळ्या तीन-चार दिवसांत रंग सोडून फिकट कागदासारख्या होतात. तेव्हा गाळून काढा, पण मलमल पिळू नका. पिळलं की गढूळपणा आणि कडवटपणा दोन्ही खाली उतरतात.

हायड्रोमीटर १.०२० ते १.०१० वर आला की सायफनने बुधल्यात घ्या आणि एअरलॉक लावा. फ्रीझरमधल्या पाकळ्यांची वेळ आता. सुरुवातीच्या जोरदार आंबण्यात कार्बन डायऑक्साइड इतक्या वेगाने बाहेर पडतो की सुवासही सोबत घेऊन जातो. खोलीत गुलाबाचा घमघमाट येतो तो वाइनमधूनच गेलेला असतो. जोर ओसरल्यावर घातलेल्या पाकळ्यांचा वास आत राहतो, आणि तोवर थोडं अल्कोहोल तयार झालेलं असल्याने तो चांगला उतरतोही. पाकळ्या उकळत्या पाण्यात बुडवून काढलेल्या छोट्या जाळीच्या पिशवीत घाला, आठवडाभराने काढा. माझ्या मते फुलांच्या वाइनमध्ये ही एक युक्ती बाकी सगळ्या बारीकसारीक गोष्टींपेक्षा जास्त फरक पाडते.

जास्वंद आणि अंबाडीच्या बाबतीत दोन सवलती: ती गरम पाण्याला दाद देतात आणि वाळलेलीही चालतात. वाळलेली पाच लिटरला ६० ते ८० ग्रॅम पुरेत. अंबाडी स्वतःच आंबट असते, तेव्हा सायट्रिक ॲसिड न घालता आधी पीएच मोजा. दोन्हींतला रंग आम्लावर नाचणारा आहे: लिंबू पडलं की लाल उजळतो. गोकर्णाची निळी फुलं घातली तर निळा रस लिंबाने जांभळा-गुलाबी होतो. दिसायला मजा, पण गोकर्णाला स्वतःचा वास फारसा नाही, म्हणून ती दुसऱ्या फुलांच्या जोडीला घ्यावीत.

बीटची वाइन

दीड ते दोन किलो बीट घ्या, जून नकोत. ब्रशने घासून माती पूर्ण काढा, साल जाडसर काढा, शेंडा-बुडखा उडवा. मातकट चव सालीत आणि सालीलगत सर्वात जास्त असते. पातळ चकत्या करून तीन लिटर पाण्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. सुरी सहज जायला हवी, पण चकती मोडायला नको. लगदा झाला की स्टार्च आणि पेक्टिन रसात उतरतं आणि वाइन कधीच निवळत नाही.

गरम असतानाच गाळा, न दाबता. चकत्या कोशिंबिरीला लावा, त्यांत अजून जीव असतो. गरम रसातच आठशे ते नऊशे ग्रॅम साखर, तीन लिंबांचा रस आणि चहाचे तीन चमचे सायट्रिक ॲसिड घालून ढवळा. पीएच पट्टी रसात बुडवली तर बीटच्या रंगाने ती लाल होऊन काही वाचता येत नाही. त्यासाठी चमचाभर रस उकळून गार केलेल्या चार चमचे पाण्यात मिसळून बघा, अंदाज येतो. बीटची वाइन वारंवार करणार असाल तर पीएच मीटर घ्याच. मनुका, काळा चहा, आणि आवडत असेल तर आल्याचा बोटभर तुकडा ठेचून. पुढचं सगळं गुलाबासारखंच: गार झाल्यावर गोळी, पेक्टिक एन्झाइम, दुसऱ्या दिवशी पाणी घालून पाच लिटर, हायड्रोमीटर, यीस्ट. बीटचा फेस गर्द गुलाबी असतो आणि त्याचे डाग जात नाहीत. बादलीखाली जुनं कापड अंथरा.

गाजराचं प्रमाण दोन किलो, आणि त्यात संत्र्याचा रस छान मिसळतो. गाजरात स्टार्चची तपासणी करून घ्यावी. बशीत चमचाभर रस घेऊन त्यात टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च आहे, तो मोडणारं अमायलेझ एन्झाइम घालावं लागेल. बशीतला रस फेकून द्या, परत ओतू नका.

बीटची वाइन तीन महिन्यांनी चाखली तर ओल्या मातीचा वास येईल आणि सगळी मेहनत वाया गेली असं वाटेल. थांबा. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, पहिल्या पावसानंतर मातीतून येतो तोच. आम्लात ते हळूहळू मोडतं आणि वास नाहीसा होतो. वर्षभराने बरीच बरी लागते, दीड वर्षाने आणखी. रंग मात्र टिकत नाही. बीटचा रंग उजेडात आणि हवेत विटून विटकरी होतो. गडद बाटल्या आणि अंधारी जागा याला थोडा आवर घालतात.

बुधल्यातले महिने

बुधला गळ्यापर्यंत भरलेला ठेवा. मोकळ्या जागेत हवा, आणि हवेत सिरका करणारे जिवाणू. जागा उरली तर उकळून गार केलेलं पाणी किंवा आधीची वाइन घाला. एअरलॉकमधलं पाणी सुकत नाही ना, हे आठवड्याला बघा.

महिनाभरात तळाशी बोटभर साका बसतो. सायफनने वरची वाइन दुसऱ्या बुधल्यात घ्या. नळीचं टोक साक्याच्या दोन बोटं वर धरा आणि दुसरं टोक खालच्या बुधल्याच्या तळाशी टेकवा, म्हणजे वाइन खळखळत हवा पीत पडणार नाही. दोन महिन्यांनी पुन्हा एकदा. दर दुसऱ्या वेळी कॅम्पडेनची एक गोळी. तिकडे हात जास्त लावू नका. दर आठवड्याला झाकण काढून चाखणारे बुधला अर्धा करतात आणि उरलेल्याचा सिरका करून ठेवतात.

हायड्रोमीटर ०.९९० ते ०.९९८ वर येऊन दोन आठवडे तिथेच राहिला की आंबणं संपलं. अल्कोहोल काढायला सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ ने गुणा: १.०८२ वरून ०.९९४ म्हणजे ०.०८८, गुणिले १३१, साधारण साडेअकरा टक्के.

आता चव घ्या. फुलांची वाइन इथे हटकून सपाट लागते. राखून ठेवलेलं आम्ल आता कामाला येतं: पेलाभर वाइनमध्ये सायट्रिक ॲसिडचे काही कण घालून चाखा, आवडलं तर त्या प्रमाणात बुधल्यात. एकदम चमचा ओतू नका. गोड हवी असेल तर आधी पोटॅशियम सॉर्बेट पाच लिटरला पाऊण चमचा आणि कॅम्पडेनची गोळी, दोन्ही बरोबर. नुसत्या सॉर्बेटने जिवाणू वाढून जिरॅनियमच्या पानाचा वास लागू शकतो. त्यानंतर साखरेचा पाक, आणि मग दोन आठवडे बुधल्यातच वाट बघा. सॉर्बेट चालू आंबणं थांबवत नाही, संपलेलं परत सुरू होऊ देत नाही एवढंच.

बिघडलं तर

आंबणं मध्येच थांबलं, तर आधी थंडी आणि पीएच तपासा. उबदार जागी हलवा, पीएच ३ च्या खाली असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून वर आणा. तरीही हालचाल नसेल तर वेगळ्या भांड्यात ताजं यीस्ट जोमात आणून, त्यात थोडी थोडी वाइन मिसळत जाऊन मग परत बुधल्यात घाला. कोरडं यीस्ट सरळ ओतलं तर अल्कोहोलच्या धक्क्याने ते मरतं.

सडक्या अंड्याचा वास पहिल्या आठवड्यात आला तर खाद्य घाला आणि चांगलं ढवळा. महिन्याभराने आला तर साक्यावरून लगेच वेगळं करा.

नेलपॉलिशचा किंवा सिरक्याचा वास जोरात येत असेल तर वाइन वाचत नाही. पूर्ण सिरका होऊ दिला तर स्वयंपाकात उपयोग होईल, पण तो बुधला वाइनच्या खोलीतून हलवा.

पांढरा पापुद्रा दिसला, वास ठीक आहे, तर खालून सायफन करून गोळी घाला आणि बुधला काठोकाठ भरा. केसाळ बुरशी, हिरवी किंवा काळी, दिसली तर फेकून द्या. भाजीच्या वाइनमध्ये पीएच मोजायचा राहिला होता आणि आता आठवतंय, तरीही फेकून द्या. चाखून ठरवू नका. बोट्युलिनमच्या विषाला चव नसते, वास नसतो.

बाटलीत

बुधल्यामागे छापील कागद धरून अक्षरं वाचता आली की वाइन बाटलीत भरायला तयार. नाही तर आणखी महिनाभर थांबा, किंवा बेंटोनाइट माती वापरून निवळवा. बाटल्या धुऊन, सल्फाइटने विसळून घ्या. नवीन बूच, दोन-तीन सेंटीमीटर मोकळी जागा. बूच लावून तीन दिवस उभ्या, मग आडव्या. गुलाबाची सहा महिन्यांनी उघडावी आणि दोन वर्षांच्या आत संपवावी, कारण वास हळूहळू जातोच. बीट, गाजर वर्षभर तरी हलवू नका.

लेबलवर फूल किंवा भाजी, तारीख, हायड्रोमीटरचे दोन्ही आकडे आणि किती आम्ल घातलं ते लिहा. लेबल खळीने चिकटवा, म्हणजे रिकामी बाटली कोमट पाण्यात ठेवली की सुटून येईल.